मदत दारात आहे

प्रमिलाबाई काळदाते यांना दोन मुलगे होते, म्हणून त्यांना घर नव्हतं. एकच असता तर त्याच्याकडे कायमच्या राहिल्या असत्या, आणि एकही नसता तर सेलूच्या शिक्षक कॉलनीतच उरलेले दिवस काढले असते. पण दोघे होते, दोघेही गुणी होते आणि दोघांनाही आईची काळजी होती. तेव्हा त्यांचे पती काळदाते गुरुजी गेल्यावर वर्षाच्या आत सेलूचं घर विकलं गेलं आणि आईची पाळी ठरली. दिवाळी ते अक्षय्य तृतीया थोरल्या बालाजीकडे नाशकात, अक्षय्य तृतीया ते दिवाळी धाकट्या माधवकडे पुण्यात. पाळी ठरवताना भावाभावांत एका शब्दाचाही वाद झाला नाही, याचं नातेवाइकांना फार कौतुक वाटलं. प्रमिलाबाईंनाही वाटलं. आपली वाटणी झाली हे त्यांच्या लक्षात आलं ते नंतर, बालाजीच्या गाडीत मागच्या सीटवर दोन पिशव्यांच्या मधोमध बसल्यावर.

त्या दोन पिशव्यांपैकी एकीत लुगडी, औषधं आणि गुरुजींचा फोटो असे. दुसरीत टेलिफोन. लाल रंगाचा, मोठ्या आकड्यांचा, वायरच्या रिसीव्हरचा. आताच्या काळात तसलं यंत्र बाळगणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पण प्रमिलाबाईंच्या बोटांच्या रेषा राखेनं भांडी घासून घासून पार पुसून गेल्या होत्या. काचेच्या मोबाइलला ती बोटं ओळखूच यायची नाहीत. त्यांनी दाबलं की काच ढिम्म, आणि दाबलं नाही की भलत्यालाच फोन. शेवटी माधवनं हा लाल फोन आणला, त्याला इंटरनेटचा एक चपटा डबा जोडला आणि सेलूचा जुना नंबर त्या डब्यात चढवून दिला. नंबर तोच राहिला म्हणून प्रमिलाबाईंना बरं वाटलं. कॉलनीतल्या बायका त्याच नंबरवर फोन करायच्या. पुढे पुढे कमी करू लागल्या, तो भाग वेगळा.

आता हा डबा काय करतो ते जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं.

पूर्वीचा टेलिफोन म्हणजे तांब्याची तार. तार घरातून निघायची, खांबावर चढायची आणि गावच्या एक्स्चेंजमध्ये जाऊन एका ठरावीक जागी संपायची. त्यामुळे फोन कुठून आला हे एक्स्चेंजला विचारावं लागत नसे. तारेचं दुसरं टोक जिथं, तिथं माणूस. नंबर घराला दाव्यानं बांधल्यासारखा होता. मग तारा उखडल्या गेल्या, तांबं भंगारात गेलं आणि सगळी बोलणी इंटरनेटवरून होऊ लागली. माणसाचा आवाज बारीक बारीक तुकड्यांत कापायचा, तुकडे वाट फुटेल तिकडून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे. यात नंबर कुठल्याच जागेचा राहत नाही. डबा सेलूत लावा, नाशकात लावा, नाहीतर समुद्रपार न्या, नंबर तोच. डब्याला इंटरनेट कळतं, जमीन कळत नाही. मोबाइल आणि घड्याळं उपग्रहांना विचारून आपली जागा सांगू शकतात. या स्वस्त डब्यांना ती सोय नव्हती. चार भिंतींच्या आत, एका कोपऱ्यात पडून राहणाऱ्या वस्तूला जागा विचारायची ती कशाला, असा हिशेब बनवणाऱ्यांनी केला होता. त्याऐवजी डब्याच्या नावे एक पत्ता नोंदवून ठेवत. संकटाच्या वेळी फोन आला की तो पत्ता वाचायचा आणि मदत तिकडे धाडायची.

ही मदत धाडणारी यंत्रणा म्हणजे हाककेंद्र. राज्याला एकच, आणि तिथं फोन उचलायला माणूस नव्हता. फार हुशार यंत्र होतं ते. घाबरलेल्या माणसाचा निम्मा वेळ पत्ता सांगण्यात जातो आणि तो धड सांगत नाही, असं अभ्यासात आढळलं होतं. म्हणून यंत्र पत्ता विचारतच नसे. हाक मारणाऱ्याचा पहिला शब्द उमटायच्या आत नोंदलेल्या पत्त्याकडे गाडी सुटलेली असे. या एका सुधारणेनं हजारो जीव वाचले, आणि ते खरंच होतं.

राहता राहिला डबा जागेवरून हलवण्याचा प्रश्न. त्यावरही तोड काढली होती. डबा नव्या ठिकाणी जोडला की पहिल्यांदा तो स्वतःच वाजत असे. प्रमिलाबाईंनी नाशकात तो पहिल्यांदा जोडला तेव्हा बालाजी गाडी लावायला खाली गेला होता. फोन वाजला. एका बाईचा गोड आवाज म्हणाला, “नमस्कार. आपला फोन नव्या जागी जोडलेला दिसतो. हे आपलं घर आहे का?”

प्रमिलाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. दिवाणखाना मोठा होता, सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि आपल्या पिशव्या कुठं ठेवायच्या हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“नाही बाई,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या थोरल्याचं.”

“धन्यवाद. आपला नोंदवलेला पत्ता कायम ठेवला आहे.”

सहा महिन्यांनी पुण्यात तोच प्रश्न आला. “हे धाकट्याचं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मी दिवाळीपर्यंत आहे.” पुढल्या पाळीला पुन्हा तेच. खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाची त्यांना मनातून ओढच लागली होती. घर बदलल्यावर त्यांना कुणीतरी काहीतरी विचारत होतं. इकडे बालाजीला वाटे माधवनं पत्ता बदलला असेल, डबा त्यानंच आणला आहे. माधवला वाटे बालाजीनं बदलला असेल, आई आधी त्याच्याकडे गेली होती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातला प्रकार.

माधवचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. माधव चिप बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथं धुळीचा कण चालत नसे, त्यामुळे अंगावर पांढरा झगा चढवून आणि फोन बाहेर कपाटात ठेवून तो सकाळी आत जाई तो संध्याकाळी बाहेर येई. सून ऋतुजा घरूनच काम करी. दोन खोल्यांपैकी एक तिच्या कामाची. कानावर हेडफोनचे ते मोठे पेले चढवून ती दिवसभर दार लोटून बसे. मुलगी वाईट नव्हती. जेवायच्या वेळी बाहेर येई, “आई, तुम्ही जेवलात?” विचारी, आणि उत्तर येईपर्यंत तिच्या कानात दुसरंच कुणी बोलू लागलेलं असे. ती गरोदर होती, सातवा महिना होता.

प्रमिलाबाई दुपारभर गॅलरीत बसत. समोर तसल्याच इमारती, तसल्याच गॅलऱ्या, आणि एकीतही माणूस नाही. खाली जावं म्हटलं तर लिफ्ट चेहरा ओळखून उघडायची. प्रमिलाबाईंचा चेहरा तिच्या दप्तरी पाहुण्यांत होता. त्या एकदा एकट्या लिफ्टपुढे उभ्या राहिल्या तेव्हा ती अदबीनं म्हणाली, “पाहुण्यांनी यजमानांसोबत प्रवास करावा.” तेव्हापासून त्यांनी खाली जाण्याचा नाद सोडला. बोलायला म्हणून त्यांनी कधी कधी फोनवरचं हाककेंद्राचं लाल बटण दाबायचा विचार केला होता, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. दिवसात एखादं वाक्य तोंडातून निघालं नाही की त्यांना संध्याकाळी स्वतःचाच आवाज परका वाटे.

गौरी उठल्या त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. ऋतुजाच्या पायांवर सूज दिसत होती. चपलेचा पट्टा रुतलेला प्रमिलाबाईंनी पाहिला आणि धीर करून म्हणाल्या, “पाय लईच सुजलेत गं. डोकं दुखतंय का?”

“दुखतं थोडं. पण घड्याळ बघतं ना आई सगळं. काही असलं तर तेच सांगेल.” ऋतुजानं हसून दार लोटलं. घड्याळ त्या वेळी शेजघरात चार्जिंगला लावलेलं होतं.

दुपारी खुर्ची पडल्याचा आवाज आला. प्रमिलाबाई गॅलरीतून उठून गेल्या. ऋतुजा जमिनीवर होती. डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली, आणि सगळं अंग झटके देत होतं. कानावरचे पेले बाजूला पडले होते आणि त्यातून कुणीतरी इंग्रजीत बारीक आवाजात बोलतच होतं.

“ऋतुजा! अगं माय!”

कांदा फोडून हुंगवावा असं पहिल्यांदा मनात आलं. मग पोट दिसलं आणि त्यांनी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. ऋतुजाचा मोबाइल टेबलावर होता. तो उघडायला तिचे डोळे लागत, आणि डोळे असे फिरलेले. पण लाल फोन दिवाणखान्यातच होता, खोलीच्या दारासमोर. त्यांनी बटण दाबलं.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत आवाज आला. तोच गोड आवाज. “हाककेंद्र. मदत निघाली आहे. काय झालं ते सांगा.”

“सून पडली! झटके येऊ लालेत. सातवा महिना हाय तिला!”

“मी तुमच्यासोबत आहे. फोनवरचं हिरवं बटण दाबा म्हणजे दुरून बोलता येईल. तिला डाव्या कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. जवळच्या वस्तू दूर करा.”

प्रमिलाबाईंनी सांगितलं तसं केलं. गुडघे मोडून बसल्या, सगळा जोर लावून सुनेला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःच्या पदराची घडी घातली. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला पहिल्यांदाच हात लावला होता. झटके हळूहळू थांबले. श्वास घोरल्यासारखा चालू राहिला. “झटका पुन्हा येऊ शकतो,” आवाज म्हणाला. “तिला लवकर दवाखान्यात न्यावं लागेल. दार उघडं ठेवा. मदत तुमच्या गल्लीत आली आहे.”

प्रमिलाबाईंनी दार सताड उघडलं आणि देवाला हात जोडले.

“मदत दारात आहे,” आवाज म्हणाला.

दारात कुणी नव्हतं. समोर लांबलचक मोकळी वाट होती, दोन्ही बाजूंना बंद दारं होती आणि वरचा दिवा माणूस नाही म्हणून आपोआप विझला होता. प्रमिलाबाई बाहेर आल्या तसा तो लागला.

“कुठं हाय? कुणीच नाही इथं!”

“मदत दारात आहे. कृपया दार उघडा.”

“अगं बाई, दार उघडंच हाय!”

मग आवाज बदलला. एक पुरुष बोलत होता, दमलेला, खराखुरा माणूस. “आजी, मी रशीद बोलायलोय, अँब्युलन्सवरून. आम्ही दारातच उभे आहोत. तुमच्या दाराला तर बाहेरून कुलूप दिसायलंय. आत अडकलाव का तुम्ही?”

“कुलूप? नाही बाप्पा. मी दारात उभी हाय. तुम्हीच दिसंनात.”

“निळं दार आहे ना? वरती पाटी आहे. व्यंकट रामराव काळदाते, सहशिक्षक.”

प्रमिलाबाईंनी नकळत वर, या दाराकडे पाहिलं. ती पाटी त्यांनी दर दसऱ्याला चिंचेनं घासून लख्ख केली होती. विकत घेणाऱ्यानं ती काढली असेल असं त्या धरून चालल्या होत्या. घर घेऊन त्यानं नुसतं कुलूप घातलं होतं म्हणजे. ते दार, ती पायरी, तिच्यावर आत्ता उभा असलेला हा अनोळखी पोरगा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि एक क्षणभर, मेल्या मनाची लाज वाटावी असा एकच क्षण, त्यांना आनंद झाला. मग मागून ऋतुजाचा घोरल्यासारखा श्वास ऐकू आला.

“लेकरा,” त्या म्हणाल्या, “ते सेलू हाय. मी पुण्यात हाय.”

पलीकडे रशीदच्या तोंडून “या अल्ला” निघालं. पण तो लगेच भानावर आला. “आजी, घाबरू नका. पत्ता सांगा पुण्याचा. मी केंद्राला कळवतो, तिथून दुसरी गाडी निघते.”

“माधवचं घर हाय.”

“हां, पण पत्ता?”

प्रमिलाबाईंना पत्ता ठाऊक नव्हता. दोन वर्षं त्या तिथं येऊन राहत होत्या. गाडीत बसून यायच्या, गाडीत बसून जायच्या. जनावर गोठा ओळखतं तेवढीही ओळख त्यांना त्या घराची नव्हती, कारण त्या रस्त्यानं चालत कधी आल्याच नव्हत्या. “चौदावा माळा,” त्या म्हणाल्या. “इमारतीचं नाव इंग्रजी हाय. व्हिस्टा का काय.”

गोड आवाज मध्येच बोलला. “पुणे परिसरात त्या नावाच्या अनेक इमारती आहेत. आपल्या इंटरनेट जोडणीवरून फक्त शहराचा पश्चिम भाग कळतो. कृपया घरातला एखादा लिहिलेला पत्ता वाचा.”

त्या धावल्या म्हणायच्या, पण त्यांचं धावणं ते किती. दारावर पाटी नव्हती, नुसता आकडा होता. कोपऱ्यात खोकी पडली होती, त्यांच्यावर नाव-गाव नव्हतं, काळ्या ठिपक्यांचे चौकोन होते. विजेचं बिल कागदावर येतच नव्हतं. त्या अख्ख्या घरात, जिथं भिंतीभिंतीत यंत्रं होती, तिथं ते घर कुठं आहे हे माणसाला वाचता येईल असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

“माधवचा नंबर घ्या,” त्या रशीदला म्हणाल्या, आणि तोंडपाठ सांगितला. बालाजीचाही सांगितला. रशीदनं लावून पाहिलं. माधवचा फोन कपाटात वाजत राहिला. बालाजी म्हणाला, माझ्याकडे त्याच्या घराचा नकाशावरचा पिन आहे, पाठवतो.

पिन येईपर्यंत ऋतुजाला दुसरा झटका आला.

प्रमिलाबाई दाराबाहेरच्या वाटेत येऊन ओरडल्या. “अहो, कुणी हाय का!” समोरच्या दारानं उत्तर दिलं, घरात कुणी नाही, निरोप ठेवा. शेजारच्यानं तेच सांगितलं, फक्त बाईच्या आवाजात. लिफ्ट म्हणाली, पाहुण्यांनी यजमानांसोबत. जिन्याची पहिली पायरी त्या उतरल्या आणि गुडघ्यातून कळ आली. चौदा मजले उतरून जाईपर्यंत पोरीचं काय झालं असतं? आणि तिचा जीव जायचाच असेल तर तो एकटीनं जावा, हे त्यांना सहन होईना. त्या परत फिरल्या. यंत्रं बोलत होती, माणूस कुठं नव्हता, आणि आपण किती ओरडलो तरी या गावात आपला आवाज कुणाचाच नाही, असं त्यांना त्या घटकेला अगदी स्वच्छ कळलं.

मग त्यांची नजर गॅलरीतल्या तुळशीवर गेली. मागं एकदा त्यांनी तुळशीला तांब्याभर पाणी जास्त घातलं होतं. ते खालच्या गॅलरीत ठिबकलं आणि कुंडीतलं पाणी मुरायच्या आत तेराव्या मजल्यावरची बाई तावातावानं वर आली होती. प्रमिलाबाई तेव्हा कानकोंड्या झाल्या होत्या.

त्यांनी न्हाणीघरातली बादली भरून घेतली. फरफटत गॅलरीत आणली आणि खालच्या गॅलरीच्या अंदाजानं उलटी केली. दुसरी भरली, ओतली. तिसरीत ऋतुजाच्या कपड्यांची निळी पावडर टाकली, म्हणजे डाग तरी पडतील. आयुष्यात कुणाच्या अंगणात पाणी सांडलं तर माफी मागणारी ही बाई त्या दुपारी पदर खोचून चौदाव्या मजल्यावरून निळं पाणी ओतत होती. ओततानाच त्या रडत होत्या. फोनमधून रशीद “आजी, आहाव ना? आजी?” करत होता आणि त्या “हाय बाप्पा, हाय” म्हणत बादली भरत होत्या.

मदत यायला त्या शहरात वेळ लागत होता. तक्रार लगेच आली.

“हे काय चाललंय काय?” तेराव्या मजल्यावरच्या सबनीसबाई ओल्या केसांनी, निळ्या कुर्त्यानं दारात उभ्या. “माझा सगळा गालिचा... आजी, तुम्हाला काही कळतं का?”

प्रमिलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि काही न बोलता आत नेलं.

सबनीसबाईंचा राग दारातच राहिला. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढला आणि त्या मोबाइलला आपण कुठं उभे आहोत हे बिनचूक ठाऊक होतं. गाडी आली. ती खरंच फार लवकर आली, यंत्रणा उत्तमच होती. माणसं वर आली, ऋतुजाला घेऊन खाली गेली, आणि या वेळी लिफ्टनं प्रमिलाबाईंना अडवलं नाही, कारण सोबत सबनीसबाई होत्या.

घरात लाल फोन तसाच उघडा राहिला होता. सेलूच्या बंद दारात रशीद नावाचा पोरगा फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिला, असं नंतर कळलं.

ऋतुजा वाचली. लेकरूही वाचलं. मुलगी झाली, मुठीएवढी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचीही शाश्वती नव्हती. बालाजीनं पाठवलेला पिन माधवच्या आधीच्या भाड्याच्या घराचा निघाला. तिथं गेलेल्या गाडीनं एका गृहस्थांना दुपारच्या झोपेतून उठवलं.

हाककेंद्रातून चौकशीचा फोन आला. या वेळी माणूस बोलला, कारण चूक कुणाची ते ठरवायचं होतं. त्यानं माधवला सांगितलं की यंत्रणेची चूक नाही, पत्ता वेळोवेळी विचारला आहे, आणि पुराव्यादाखल ध्वनिमुद्रणं ऐकवली. माधव दवाखान्याच्या बाकावर बसून आईचा आवाज ऐकत राहिला. “नाही बाई, हे माझ्या थोरल्याचं.” “हे धाकट्याचं, मी दिवाळीपर्यंत आहे.” एकामागून एक, दर पाळीचं.

“आई,” तो म्हणाला, “नुसतं हो म्हणायचं ना गं.”

“विचारलं ते खरं सांगितलं. तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?”

माधवनं फोन खिशात ठेवला. तिच्या हातावर त्यानं हात ठेवला आणि तो तसाच ठेवून तो बसून राहिला. प्रमिलाबाईंना तेवढंही पुष्कळ वाटलं.

शुद्धीवर आल्यावर ऋतुजानं सासूला जवळ बोलावलं. “सबनीसबाईंच्या गालिच्याचं काय केलंत म्हणे तुम्ही?” ती हळूच म्हणाली आणि हसता हसता रडली. प्रमिलाबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. चार दिवस त्या दोघी खूप बोलल्या. एवढं बोलणं त्या घरात दोन वर्षांत झालं नव्हतं.

मग लातूरहून ऋतुजाची आई आली. यायलाच हवी होती, पहिलं बाळंतपण, तेही असं अवघड. एका खोलीत बाळाची तयारी, एका खोलीत बाळंतीण. तिसरी खोली नव्हती. कुणी काही वावगं बोललं नाही. माधव म्हणाला, “आई, बाळ घरी येईपर्यंत तू दादाकडे आराम कर. नाहीतरी दिवाळी आलीच आहे.” तो हे बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता. ऋतुजा पाहत होती, पण तिच्या अंगात अजून विरोध करण्याची ताकद आली नव्हती.

बालाजी गाडी घेऊन आला. पिशव्या दोनच. प्रमिलाबाई मागच्या सीटवर बसायला गेल्या, मग थांबल्या आणि पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसल्या. गाडी रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, “बाला, तुझ्या घराचा पत्ता सांग.”

“पिन टाकलाय गं. गाडी नेते आपोआप.”

“गाडीला नाही विचारलं. मला तोंडी सांग. मी पाठ करते.”

“आई, आता कुणी पत्ता...” त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. “बरं. फ्लॅट नंबर बाराशे... नाही, अकराशे चार, बी विंग... आता बी की डी... रस्त्याचं नाव बघ, ते मध्यंतरी बदललं.” तो अडखळला. पिनकोडचे पहिले तीन आकडे आले आणि पुढे गाडी अडली. बेचाळीस वर्षांचा, चांगल्या हुद्द्यावरचा माणूस, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा कान खाजवू लागला.

“आठव की रे. लहानपणी कसा घडाघडा म्हणायचास. हरवलास तर काय सांगशील?”

आणि बालाजीच्या तोंडून, त्याला काही कळायच्या आत, एका सुरात बाहेर पडलं, “बालाजी व्यंकटराव काळदाते, घर नंबर सतरा, शिक्षक कॉलनी, पाण्याच्या टाकीमागं, सेलू, जिल्हा परभणी.”

शेजारून मोठमोठ्या गाड्या जात होत्या. बालाजीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

“बरोबर आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मदत तिथं वेळेत पोचली होती रे. आपणच तिथं नव्हतो.”